आटत गेलेले आकडे

समुद्राच्या एक किलो पाण्यात सरासरी ३५ ग्रॅम क्षार असतात आणि त्यांतला जवळजवळ सगळा वाटा अकराच घटकांचा असतो: क्लोराइड, सोडियम, सल्फेट, मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम, बायकार्बोनेट, ब्रोमाइड, बोरॉन, स्ट्राँशियम आणि फ्लोराइड. निसर्गात आढळणारी बाकीची मूलद्रव्येही या पाण्यात आहेतच. काही नद्यांनी आणलेली, काही वाऱ्याने धुळीबरोबर टाकलेली, काही तळाच्या ज्वालामुखी भेगांतून वर आलेली. मात्र ती किलोमागे एक मिलिग्रॅमच्या आत, आणि बरीचशी त्याच्याही हजारो पट खाली. त्यांना लेश मूलद्रव्ये म्हणतात.

खोल समुद्रातल्या लिटरभर पाण्यात विरघळलेले लोखंड साधारण ३० ते ४० नॅनोग्रॅम असते. नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग. ५० मीटर लांब, २५ मीटर रुंद आणि २ मीटर खोल असा पोहण्याचा तलाव या पाण्याने भरला, तर त्यातले सगळे लोखंड मिळून एका टाचणीच्या वजनाचे भरेल. आणि हे मोजायला माणूस जातो तो पोलादी जहाजातून, पोलादी दोराला बाटली बांधून. लेश मूलद्रव्यांच्या मोजमापाचा इतिहास बराचसा याच अडचणीचा इतिहास आहे. पुस्तकांतल्या तक्त्यांमध्ये जस्त, तांबे, लोखंड यांचे आकडे पिढी-दर-पिढी उतरत गेले. समुद्र होता तसाच होता. मोजणाऱ्यांच्या हातून नकळत पडणारी भर तेवढी कमी होत गेली.

सुरुवात अर्थातच ठोक घटकांपासून झाली. लंडनमध्ये वैद्यकी करणारे जिनिव्हाचे अलेक्झांडर मार्सेट यांनी १८१९ मध्ये निरनिराळ्या समुद्रांचे पाणी तपासले. पाणी कमी खारट असो की जास्त, क्षारांचे आपसांतले प्रमाण सगळीकडे जवळपास एकच येते, असे त्यांना दिसले. कोपनहेगनचे योहान गेओर्ग फोर्चहॅमर यांनी जगभरच्या जहाजांवरून आलेले नमुने वर्षानुवर्षे तपासून १८६५ मध्ये हीच गोष्ट पक्की केली आणि समुद्रात २७ मूलद्रव्ये असल्याची नोंद केली. त्यांतली कित्येक पाण्यात थेट सापडलेली नव्हती. ती समुद्री शेवाळाच्या राखेत आणि पोवळ्यांत सापडली, म्हणून पाण्यातही असणार असे मानले गेले. ही वाट जुनीच होती. बेर्नार कुर्त्वा यांना १८११ मध्ये आयोडिन मिळाले ते शेवाळाच्या राखेतच, आणि आंत्वान बालार यांनी १८२६ मध्ये ब्रोमीन शोधले ते मिठागरात मीठ धरून झाल्यावर उरणाऱ्या कडवट पाण्यातून. रसायनशास्त्रज्ञाच्या तराजूला जे पेलत नव्हते, ते शेवाळाने आणि उन्हाने आधीच आटवून ठेवले होते.

खोलीचा प्रश्न पहिल्यांदा नेटाने हाती घेतला तो ब्रिटिश जहाज ‘चॅलेंजर’ने. डिसेंबर १८७२ मध्ये पोर्टस्मथहून निघालेले हे जहाज मे १८७६ मध्ये परतले. जहाजावरचे रसायनशास्त्रज्ञ जॉन यंग ब्यूकॅनन खोल पाणी वर आणण्यासाठी तोट्या बसवलेले धातूचे नळकांडे वापरत. त्यांनी आणलेल्या नमुन्यांपैकी ७७ नमुन्यांचे पृथक्करण ग्लासगोच्या विल्यम डिटमार यांनी केले आणि अहवाल १८८४ मध्ये छापला. निष्कर्ष मार्सेट यांचाच, पण आता तो सगळ्या महासागरांना आणि सगळ्या खोल्यांना लागू झाला. एक बारीक अपवाद डिटमार यांनी टिपला होता: खोल पाण्यात कॅल्शियम किंचित जास्त येत होते. शंख-शिंपल्यांचा चुना खाली जाऊन विरघळतो, ही त्याची खूण. तिच्याकडे त्या काळी फारसे कोणी वळून पाहिले नाही. ‘समुद्र म्हणजे एकच एक ढवळलेले द्रावण’ ही समजूत मात्र इतकी घट्ट बसली की पुढची ऐंशी-नव्वद वर्षे लेश मूलद्रव्यांच्या तक्त्यांत जस्तापुढे एक आकडा, तांब्यापुढे एक आकडा असे लिहिले जाई. कुठल्या खोलीचा, हे विचारायची गरज वाटत नसे.

याच सफरीत एक छोटी फजिती झाली. पुढे जे वारंवार घडणार होते त्याची ती नांदीच होती. थॉमस हक्सली यांनी १८६८ मध्ये अटलांटिकच्या तळच्या गाळाच्या जुन्या नमुन्यात एक चिकट, बुळबुळीत पदार्थ पाहून त्याला आदिम सजीव ठरवले होते आणि ‘बॅथिबियस’ असे नावही दिले होते. चॅलेंजरवर ताज्या गाळात तो काही केल्या दिसेना. नमुना टिकावा म्हणून स्पिरिटमध्ये ठेवला की मात्र हजर! ब्यूकॅनन यांनी उलगडा केला. समुद्राच्या पाण्यात मद्यार्क ओतला की कॅल्शियम सल्फेटचा साका खाली बसतो. तोच हा ‘सजीव’. हक्सली यांनी १८७५ मध्ये चूक मोकळेपणाने मान्य केली. समुद्रात काय आहे आणि आपण बाटलीत काय घातले, यांतला फरक ओळखण्याची ही पहिली जाहीर परीक्षा म्हणता येईल.

दुसरी परीक्षा सोन्याची. एडवर्ड सॉन्स्टॅट यांनी १८७२ मध्ये समुद्राच्या पाण्यात सोने असल्याचे जाहीर केले. तेव्हापासून आकडेमोडीला ऊत आला, कारण टनामागे काही मिलिग्रॅम सोने जरी धरले तरी अख्ख्या महासागराचा हिशेब डोळे दिपवणारा होतो. अमेरिकेत प्रेस्कॉट जर्नेगन नावाच्या एका धर्मोपदेशकाने मेन राज्यातल्या लुबेक गावी समुद्रातून सोने काढण्याची कंपनीच उभारली. पाण्याखालच्या पेटाऱ्यांत सोने जमा होते ते पाहून लोकांनी समभाग घेतले. पेटाऱ्यांत सोने ठेवून येत होता तो रात्री गुपचूप बुडी मारणारा साथीदार. १८९८ मध्ये बिंग फुटले तोवर दोघेही पसार झाले होते.

फ्रिट्स हाबर यांची गोष्ट वेगळी आणि जास्त शिकण्यासारखी आहे. हवेतल्या नायट्रोजनपासून अमोनिया बनवण्याबद्दल त्यांना १९१८ चे नोबेल मिळाले होते. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीवर १३२ अब्ज सुवर्ण मार्कांची भरपाई लादली गेली. हे कर्ज समुद्रातल्या सोन्याने फेडता येईल, असा हाबर यांचा बेत होता. स्वांते अरेनियस यांनी टनामागे सुमारे ६ मिलिग्रॅम सोन्याचा अंदाज दिला होता. तेवढे असते तर धंदा किफायतीचा होता. १९२३ च्या उन्हाळ्यात ‘हान्सा’ या प्रवासी जहाजावर प्रयोगशाळा थाटून हाबर आपल्या माणसांसह हॅम्बुर्गहून न्यूयॉर्कला निघाले. हेतू अर्थातच गुप्त ठेवला होता.

त्यांची रीत सोनाराला ओळखीची वाटेल अशी आहे. पाण्यात शिशाचा क्षार घालून त्याचा साका पाडायचा. साक्याबरोबर सोने खाली येते. मग तो साका तापवून शिसे उडवून लावायचे आणि उरलेला सोन्याचा कण टाकणखाराच्या मण्यात वितळवायचा. हा कण वजनात धरता येण्याजोगा नसे. तो गोल होई, म्हणून सूक्ष्मदर्शकाखाली त्याचा व्यास मोजायचा आणि त्यावरून वजन काढायचे. पद्धत जसजशी नेमकी होत गेली तसतसे सोने कमी होत गेले. जे सापडत होते त्यातले बरेचसे घातलेल्या रसायनांतले आणि भांड्यांतले होते, हे हाबर यांच्या ध्यानात आले. देशोदेशींचे हजारो नमुने तपासल्यावर हाती आलेला आकडा टनामागे ०.००४ मिलिग्रॅमच्या आसपास होता, म्हणजे अंदाजाच्या हजार पटींहून खाली. १९२७ च्या लेखात त्यांनी तो प्रांजळपणे छापला आणि विषय सोडून दिला. पण तोही आकडा फुगलेलाच होता. १९९० च्या सुमाराच्या नेटक्या मोजमापांनी खुल्या महासागरात एक ग्रॅम सोन्यासाठी तीन ते दहा कोटी टन पाणी लागेल असे दाखवले. हाबर यांच्या हिशेबाने तेवढेच सोने अडीच लाख टनांत मिळायला हवे होते!

हाबर यांच्याच संस्थेतले हेरमान वाटेनबर्ग १९२५ ते १९२७ या काळात ‘मेटेओर’ या जर्मन जहाजावर रसायनशास्त्रज्ञ होते. दक्षिण अटलांटिक आडवा-उभा पिंजून काढताना मेटेओरने खोलीगणिक ऑक्सिजन आणि फॉस्फेट मोजले आणि समुद्र ढवळलेले द्रावण नसून थरांचा आहे, हे कागदावर दिसू लागले. फॉस्फेट वरच्या थरात जवळपास संपलेले आणि खाली भरपूर. लिटरमागे मायक्रोग्रॅममध्ये मोजता येणाऱ्या या पोषकद्रव्याचे चित्र स्पष्ट झाले. त्याहून हजार पट विरळ असलेल्या धातूंचे होण्यासाठी आणखी पन्नास वर्षे जावी लागली.

त्या पन्नास वर्षांतले मुख्य हत्यार म्हणजे फ्रिट्यॉफ नान्सेन यांच्या नावाची बाटली. १९१० च्या सुमारास रूढ झालेली ही बाटली म्हणजे दोन्ही टोके उघडी असलेले, सव्वा लिटरभर पाण्याचे पितळी नळकांडे. अशा दहा-बारा बाटल्या ठरावीक अंतरावर पोलादी दोराला जोडून खाली सोडत. मग दोरावरून एक पितळी वजन सोडायचे. ते घसरत जाऊन पहिल्या बाटलीचा वरचा खिटा उडवी. बाटली उलटी होऊन तिच्या झडपा मिटत आणि तिच्याखाली अडकवलेले दुसरे वजन पुढच्या बाटलीकडे निघे. उलटताना बाजूच्या तापमापकातला पारा तुटून त्या खोलीचे तापमानही टिपले जाई. तापमान आणि क्षारता यांसाठी ही योजना अप्रतिम होती. पण पितळ म्हणजे तांबे आणि जस्त. महाराष्ट्रातल्या घरांतून पितळी पातेल्याला कल्हई का करतात हे सांगावे लागत नाही. नान्सेन बाटल्यांनाही आतून कथलाचा किंवा चांदीचा मुलामा देत. तो झिजे. शिवाय दोराला गंज आणि वंगण, जहाजाच्या बुडाला गंजरोधक म्हणून ठोकलेले जस्ताचे ठोकळे, कठड्यांना जस्ताचा मुलामा. अशा जहाजावरून काढलेल्या पाण्यात जस्त सापडले नसते तरच नवल.

१९३० च्या दशकात नॉर्वेचे हाकोन ग्रान यांनी समुद्रातल्या वनस्पतिप्लवकांची वाढ लोखंडाअभावी अडत असावी, अशी शंका मांडली. अंटार्क्टिकच्या बाबतीत जॉन हार्ट यांनीही तेच सुचवले. शंका अचूक होती. पण मोजमाप त्यांच्या बाजूने बोलेना. बाटलीतल्या पाण्यात लोखंड नेहमी मुबलक निघे. १९६० च्या दशकातल्या प्रमाणभूत तक्त्यांतही लोखंड आणि जस्त यांच्यापुढे लिटरमागे सुमारे १० मायक्रोग्रॅम असे आकडे दिसतात. लोखंडाच्या बाबतीत ते खऱ्यापेक्षा शेकडो पट जास्त होते. एक बरोबर कल्पना पन्नास वर्षे अडगळीत पडून राहिली, ती गंजामुळे.

कोंडी फुटली ती समुद्रशास्त्राबाहेरच्या माणसामुळे. क्लेअर पॅटरसन हे भूरसायनशास्त्रज्ञ. खडकातल्या युरेनियमचे कालांतराने शिसे बनते, त्या शिशावरून पृथ्वीचे वय काढणे हे त्यांचे काम. शिकागोत १९४८ पासून ते या मागे होते आणि त्यांचे आकडे काही केल्या जुळत नव्हते. युरेनियम मोजणाऱ्या सहकाऱ्याचे जुळत, शिशाचे नाही. कारण शिसे सगळीकडे होते. नळाच्या पाण्यात, भिंतीच्या रंगात, हवेतल्या धुळीत, माणसाच्या केसांत. पॅटरसन यांनी कॅलिफोर्नियात कॅल्टेकला गाळलेल्या हवेची, घासून-पुसून लखलखीत ठेवलेली प्रयोगशाळा उभी केली आणि १९५६ मध्ये पृथ्वीचे वय ४.५५ अब्ज वर्षे असल्याचे प्रसिद्ध केले. तो आकडा आजही जवळपास तसाच टिकून आहे.

मग त्यांनी तीच शिस्त समुद्राला लावली. मित्सुनोबू तात्सुमोतो यांच्यासह १९६३ मध्ये त्यांनी अटलांटिक आणि भूमध्य समुद्रातल्या शिशाचे खोलीनुसार आकडे प्रसिद्ध केले. वरच्या पाण्यात शिसे जास्त आणि खाली कमी, असे उलटे चित्र होते. खोलीचा अर्थ इथे लक्षात घ्यायला हवा. वरचे पाणी कालपरवाच्या हवेला लागलेले असते. पॅसिफिकच्या तळचे पाणी हवेपासून तुटून हजार वर्षांच्या आसपास काळ लोटलेला असतो. म्हणजे खाली जाणे हे काळात मागे जाणे आहे. वरच्या थरातले जादा शिसे हल्लीचे होते, आणि ते येत होते मुख्यत्वे मोटारींच्या धुरातून. पेट्रोलमध्ये १९२० च्या दशकापासून शिशाचे संयुग घातले जात होते. १९६५ मध्ये पॅटरसन यांनी माणसाच्या शरीरातले शिसेही नैसर्गिक पातळीच्या कितीतरी पट चढल्याचे मांडले. तेल उद्योगाकडून त्यांच्या संशोधनाला मिळणारा पैसा बंद झाला. ते मागे हटले नाहीत. गंमत अशी की १९६३ चे त्यांचे स्वतःचे खोल पाण्याचे आकडेही अजून स्वच्छ नव्हते. बेअट शाउले यांच्याबरोबर त्यांनी खास बनवलेल्या उपकरणाने ईशान्य पॅसिफिकचे पाणी पुन्हा काढले आणि १९८१ मध्ये नवे आकडे दिले: खोल पाण्यात किलोमागे जेमतेम एक नॅनोग्रॅम शिसे आणि वर त्याच्या दहा पटींच्या आसपास.

यानंतरचे पर्व विलक्षण वेगाचे आहे. १९७२ ते १९७८ या काळात ‘जिओसेक्स’ या अमेरिकी पुढाकाराच्या मोहिमेने अटलांटिक, पॅसिफिक आणि हिंदी महासागराचे रासायनिक छेद घेतले. तेवढ्यात एमआयटीमध्ये एडवर्ड बॉइल आणि जॉन एडमंड, सांता क्रूझला केनेथ ब्रूलंड आणि मॉस लँडिंगला जॉन मार्टिन यांनी पॅटरसन यांची स्वच्छता आणि नव्या पद्धतींची जोड घातली. ग्रॅफाइटच्या नळीत थेंबभर द्रावण तापवून अणू-शोषणाने धातू मोजण्याचे यंत्र आले होते. त्याआधी क्षार बाजूला सारून धातू गोळा करण्यासाठी खास राळ किंवा विशिष्ट संयुगे वापरत. १९७६ मध्ये कॅडमियमचा आलेख आला. तो फॉस्फेटच्या आलेखावर जवळजवळ तंतोतंत बसत होता. १९७८ मध्ये जस्ताचा आला आणि तो सिलिकेटबरोबर चालत होता. पृष्ठभागापासून खोल पाण्यापर्यंत सुमारे शंभर पटींची चढण. ब्रूलंड यांनी १९८० मध्ये उत्तर पॅसिफिकमधल्या कॅडमियम, जस्त, निकेल आणि तांबे यांचे जे आलेख एकत्र छापले, तिथून जुने तक्ते अक्षरशः रद्दीत गेले.

आकडा खरा कशावरून? प्रमाण म्हणून ठेवावा असा पाण्याचा नमुना तेव्हा कोणाकडे नव्हता. उत्तर साधे काढले गेले. खोलीनुसार मांडलेले बिंदू सुरळीत रेषेत बसले पाहिजेत आणि त्या रेषेचा पाण्याच्या थरांशी, ऑक्सिजनशी, फॉस्फेटशी मेळ लागला पाहिजे. धूळ किंवा गंज बाटलीत पडतो तो वाटेल तसा; तो फॉस्फेट बघून पडत नाही. म्हणून विखुरलेले बिंदू आले की दोष हाताचा, असा दंडक पडला. आधीच्या काळात ‘समुद्रच तसा अनियमित आहे’ असे म्हणून अशा विखुरलेल्या बिंदूंवर पानेच्या पाने लिहिली गेली होती.

रेषांचे आकारही बोलू लागले. जस्त, कॅडमियम, निकेल यांना वरच्या उजेडातले प्लवक ओढून घेतात. मेलेले प्लवक आणि विष्ठा खाली झिरपत जातात, वाटेत कुजतात आणि धातू पुन्हा पाण्यात सुटतात. म्हणून वर टंचाई, खाली साठा. ॲल्युमिनियम आणि शिसे यांची तऱ्हा निराळी: ते वरून धुळीबरोबर येतात आणि दिसेल त्या कणाला चिकटून खाली जातात, म्हणून खोल पाण्यात उरतच नाहीत. तांबे दोन्हींच्या मधले. कॅडमियम-फॉस्फेटच्या जोडीचा बॉइल यांनी आणखी एक उपयोग केला: तळच्या गाळातल्या फोरामिनिफेरा या सूक्ष्म जीवांच्या कवचांतले कॅडमियम मोजून हिमयुगातल्या समुद्रात पोषकद्रव्ये कुठे होती, ते शोधले. विषारी म्हणून बदनाम झालेला हा धातू डायाटम नावाचे काही प्लवक जस्ताच्या जागी चक्क कामाला लावतात, हे २००० च्या सुमारास कळले.

नमुना काढण्याची रीत या काळात पार बदलली. नान्सेन बाटलीची जागा १९६० च्या दशकात शेल निस्किन यांच्या प्लास्टिकच्या बाटलीने घेतली होती, पण तिची झाकणे ओढून धरणारी आतली रबरी दोरी जस्त सोडी. मग ‘गो-फ्लो’ आली. समुद्राच्या पृष्ठभागावर जहाजाचे तेल, गंज, सांडपाणी यांचा पातळ पापुद्रा असतो. उघडी बाटली त्यातून गेली की संपले. गो-फ्लो मिटलेलीच पाण्यात उतरते. साधारण दहा मीटरवर पाण्याच्या दाबाने तिचा खिटा सुटतो आणि गोल झडपा उघडतात. हव्या त्या खोलीवर त्या पुन्हा मिटतात. दोर पोलादाऐवजी केव्हलारचा, आतून टेफ्लॉनचा लेप.

वर आलेली बाटली उचलून थेट जहाजावरच्या बंदिस्त, गाळलेल्या हवेच्या खोलीत न्यायची. पाणी ज्यात साठवायचे ते पॉलिथिनचे डबे आधी साबणाच्या पाण्यात, मग हायड्रोक्लोरिक आम्लात, मग शुद्ध पाण्यात असे आठवडेच्या आठवडे भिजवून दोन-दोन पिशव्यांत बांधलेले असतात. आम्लसुद्धा बाजारचे चालत नाही. ते क्वार्ट्‌झच्या भांड्यात, उकळू न देता, मंद आचेवर पुन्हा उतरवून घेतात. पावडर लावलेले हातमोजे नकोत, कारण त्या पावडरीत जस्त. उन्हापासून वाचायला चेहऱ्याला फासलेल्या मलमातही जस्त. काम दोघांनी मिळून करायचे: एक फक्त बाहेरच्या पिशवीला हात लावणार, दुसरा फक्त आतल्या डब्याला, आणि एकदा ठरलेली भूमिका मध्येच बदलायची नाही. इंग्रजीत या जोडीला ‘स्वच्छ हात’ आणि ‘मळके हात’ म्हणतात. मराठीत सोवळ्यातला आणि ओवळ्यातला असे म्हटले की जास्त सांगावे लागणार नाही. फरक इतकाच की इथे विटाळ झाला की तो आलेखावर दिसतो.

या सोवळ्याचे सर्वांत मोठे फळ लोखंडात मिळाले. सर्वांत चुकार धातू हाच, कारण जहाज त्याचेच. मार्टिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात ईशान्य पॅसिफिकमधले खरे आकडे काढले, तेव्हा पृष्ठभागावर लोखंड जवळजवळ नव्हतेच: लिटरमागे काही नॅनोग्रॅम. १९८८ मध्ये त्यांनी दाखवले की त्या पाण्यात स्वच्छ हाताने चिमूटभर लोखंड घातले की प्लवक फोफावतात. नायट्रेट-फॉस्फेट भरपूर असूनही अंटार्क्टिक आणि उत्तर पॅसिफिक ओसाड का, याचे ग्रान आणि हार्ट यांनी सुचवलेले उत्तर अखेर मोजून सिद्ध झाले. अर्धे टँकर लोखंड द्या, हिमयुग आणून देतो, असे मार्टिन थट्टेने म्हणाले होते. वाक्य गाजले, आणि थट्टा बाजूला राहून योजना सुरू झाल्या. १९९३ च्या जूनमध्ये मार्टिन वारले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये गालापागोसजवळ ६४ चौरस किलोमीटर समुद्रावर साडेचारशे किलोच्या आसपास लोह पसरवण्याचा पहिला प्रयोग झाला आणि पाणी हिरवे झाले.

या मालिकेतला एक मोठा प्रयोग गोव्याशी जोडलेला आहे. दोना पावला इथली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था १ जानेवारी १९६६ रोजी, आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेच्या पाठोपाठ स्थापन झाली. जर्मनीच्या आल्फ्रेड वेगेनर संस्थेबरोबर तिने २००९ च्या आरंभी ‘लोहाफेक्स’ ही मोहीम केली. नावातले ‘लोहा’ हिंदीतले आहे. वाजिह नक्वी आणि व्हिक्टर स्मेटासेक यांच्या नेतृत्वाखाली ‘पोलारस्टर्न’ हे जहाज केपटाउनहून निघाले, आणि पर्यावरणाच्या कारणाने जर्मनीत एवढा गदारोळ झाला की परवानगी येईपर्यंत शास्त्रज्ञांना समुद्रातच थांबून राहावे लागले. दक्षिण अटलांटिकमधल्या सुमारे ३०० चौरस किलोमीटरच्या पट्ट्यात लोह पसरवले गेले. प्लवक वाढले, पण बेताने. त्या पाण्यात सिलिकेट नव्हते, म्हणून काचेच्या कवचाचे डायाटम वाढलेच नाहीत. जे बारीक प्लवक वाढले ते कोपेपॉड या सूक्ष्म जीवांनी खाऊन टाकले. कार्बन खोल बुडेल ही आशा फोल ठरली. विज्ञानाच्या दृष्टीने हा निकाल यशस्वी प्रयोगांपेक्षा जास्त मोलाचा होता, असे म्हणायला हरकत नाही.

एकेका प्रयोगशाळेच्या हातात असलेले हे काम पुढे ‘जिओट्रेसेस’ या आंतरराष्ट्रीय कार्यक्रमाने जगभर पसरवले. त्याची वैज्ञानिक योजना २००६ मध्ये ठरली आणि २०१० पासून महासागरांचे छेद पद्धतशीर घेतले जाऊ लागले. त्याआधी एक काम उरकले गेले होते: २००४ मध्ये उत्तर पॅसिफिकमधले पाणी मोठ्या प्रमाणावर काढून, एकजीव करून, बाटल्यांत भरून देशोदेशींच्या प्रयोगशाळांना वाटले गेले. सगळ्यांनी तेच पाणी मोजले आणि ज्यांचे आकडे जुळले नाहीत त्यांनी आपली चूक शोधली. आता मोजणीचे यंत्रही बदलले आहे. अणूंना विद्युतभारित करून वजनानुसार वेगळे करणाऱ्या यंत्रामुळे पूर्वी जिथे कित्येक लिटर पाणी लागे, तिथे आता काही मिलिलिटरमध्ये एका दमात अनेक धातू मोजता येतात. पॅसिफिकच्या एका छेदात तळच्या उष्ण झऱ्यांतून निघालेले लोखंड अडीच किलोमीटर खोलीवरून चार हजार किलोमीटर पश्चिमेला गेलेले दिसले. ते झऱ्याच्या तोंडाशीच बसून जाते, असा तोवरचा समज होता.

हिंदी महासागराचे छेद भारताने ‘सागर कन्या’ या जहाजावरून घेतले. मुख्य काम अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेचे. अरबी समुद्रात साधारण दीडशे ते हजार मीटरच्या दरम्यान ऑक्सिजन जवळपास संपलेला थर आहे. एरवी लोखंड ऑक्सिजनशी संयोग पावून गंजते आणि कणांना चिकटून खाली जाते. या थरात ते विरघळलेल्या रूपात टिकून राहते, त्यामुळे इथल्या लोखंडाच्या आलेखाला मधेच पोट सुटलेले दिसते.

शिशाचा आलेख तर अजून बदलतो आहे. अमेरिकेत १९७० च्या दशकापासून पेट्रोलमधले शिसे कमी होत गेले आणि बर्म्युडाजवळच्या पृष्ठभागावरचे शिसे पुढच्या दोन-तीन दशकांत अनेक पटींनी घटले. वरचे पाणी निवळले, पण आधीचे शिसे पाण्याबरोबर खाली उतरत होते. तिथल्या आलेखाचे शिखर पृष्ठभागावरून सरकत काहीशे मीटर खोल गेले. २०१६ मध्ये अटलांटिकच्या काही भागांत पृष्ठभागावरचे ३० ते ५० टक्के शिसे पुन्हा वाळवंटी धुळीतले, म्हणजे नैसर्गिक, असल्याचे समस्थानिकांवरून दिसले. भारतात शिसेविरहित पेट्रोल सगळीकडे सक्तीचे झाले ते २००० मध्ये, आणि भोवतालच्या काही देशांत त्याहून उशिरा. त्यामुळे २००९ मध्ये जपानी जहाजाने काढलेल्या नमुन्यांत उत्तर हिंदी महासागराच्या पृष्ठभागावरचे शिसे उत्तर अटलांटिक आणि उत्तर पॅसिफिकहून जास्त भरले. त्याचे शिखर अजून वरच होते.